खंजिरी आणि छापील पान

विदर्भातील दोन विद्यापीठांना ज्यांची नावे आहेत ते दोघेही शाळेत फारसे शिकले नव्हते, हा योगायोग आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. अमरावतीचे विद्यापीठ संत गाडगे बाबांच्या नावाने ओळखले जाते आणि नागपूरच्या विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. या दोघांमधले दुसरे एक साम्य मात्र क्वचितच बोलले जाते. दोघांचेही आयुष्यभराचे माध्यम आवाज हे होते. गाडगे बाबांनी लिहून असे काही ठेवलेच नाही. तुकडोजींनी पुष्कळ लिहिले. पण त्यातला फार मोठा भाग गाण्यासाठी आणि तोही स्वतःच्या गळ्याने, स्वतःच्या हातातील खंजिरीवर गाण्यासाठी लिहिला. आमचा अभ्यासक्रम या दोघांना ओळखतो तो छापील पानावरून. ‘ग्रामगीते’तील निवडक ओव्या, एखादे भजन, थोडे चरित्र आणि शेवटी ‘समाजप्रबोधनातील योगदान स्पष्ट करा’ हा ठरलेला प्रश्न.

गेली वीस-बावीस वर्षे मीही हाच प्रश्न विचारीत आलो आहे. म्हणून हा लेख एका अर्थी माझ्याच अध्यापनाची झाडाझडती आहे. तुकडोजी महाराजांना कवी म्हणून वाचायचे की गायक म्हणून ऐकायचे, आणि ऐकायचे तर कशावरून, असा हा प्रश्न आहे. महाराजांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी आता पंचाहत्तरीच्या पुढे गेली असल्यामुळे या प्रश्नाला थोडी घाईही आहे.

१९०९ : एक साल, दोन वाटा

तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात वऱ्हाडातच आणखी एक गीतकार जन्मला. ते म्हणजे ना. घ. देशपांडे. बुलडाणा जिल्ह्यातील मेहकर येथे वकिली करीत त्यांनी सारे आयुष्य काढले. एकाच मुलखात आणि एकाच वर्षी जन्मलेल्या या दोघांची नावे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एका पानावर सहसा येत नाहीत. असे का व्हावे, याचा विचार करण्यासारखा आहे.

ना. घं.ची ‘शीळ’ ही कविता १९३२ च्या सुमारास गायक जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली. ती घराघरात गेली आणि मराठी भावगीताचा प्रारंभ सांगताना आजही पहिला उल्लेख तिचाच होतो. पुढे १९५४ मध्ये त्याच नावाचा त्यांचा संग्रह निघाला. म्हणजे येथे आवाज आधी पोहोचला आणि पुस्तक मागून आले. तरीही कवितेची गुणवत्ता पानावर सिद्ध होण्यासारखी असल्यामुळे समीक्षेला अडचण पडली नाही.

ध्वनिमुद्रिकेचे तंत्र येथे लक्षात घ्यावे लागते. हिंदुस्थानात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ मध्ये, कलकत्त्याला. त्यानंतरची जवळजवळ पाच दशके अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची होती आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तीन मिनिटांत सुरू होऊन तीन मिनिटांत संपणारे, एकाच भावावर स्थिर राहणारे आणि एकट्या गायकाचे गीत या तबकडीला नेमके मानवले. भावगीताची बांधणी पाहिली की तबकडीचा परीघ तिच्यात उमटलेला दिसतो.

खंजिरी भजनाची बांधणी याच्या उलट आहे. त्याला आरंभ असतो, पण शेवट श्रोत्यांवर अवलंबून असतो. एक कडवे झाले की गाणारा थांबतो, गावातल्या भांडणाविषयी किंवा दारूविषयी चार शब्द बोलतो, पुन्हा ध्रुपदावर येतो. मागचे साथीदार ते उचलतात आणि समोरची मंडळी त्यांच्या मागून. तासाभराचा हा ऐवज तीन मिनिटांत बसवायचा तर त्याचे भजनपण गमावावे लागते. मुंबई-कलकत्त्याभोवती फिरणाऱ्या रेकॉर्डच्या धंद्याने घडवलेला कान आणि वऱ्हाडातील पारावर घडलेला कान हे असे वेगळे राहिले. पुढे वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पहिल्या कानाने ऐकले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

यावली ते मोझरी

महाराजांचे मूळ नाव माणिक. वडील बंडोजी आणि आई मंजुळाबाई. घराणे ब्रह्मभटांचे, म्हणजे स्तुतिगायनाची परंपरा असलेले. वडील मात्र शिवणकाम करून संसार चालवीत. पदरचना आणि गायन यांचे संस्कार रक्तातूनच आले, असे म्हणण्याचा मोह येथे होतो; पण घरातील गाणे हे राजेरजवाड्यांच्या स्तुतीचे आणि माणिकने निवडलेले गाणे गावकुसाचे, हा फरक अधिक महत्त्वाचा वाटतो. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात तो लहानपणीच आला. शाळा सुटली ती सुटलीच. ‘तुकड्या’ हे नाव आडकोजींनीच दिले असे परंपरा सांगते, आणि तेच पुढे त्याच्या प्रत्येक रचनेच्या शेवटी मुद्रिका होऊन बसले. आडकोजींनी १९२१ मध्ये देह ठेवला, तेव्हा माणिक जेमतेम बारा वर्षांचा होता.

त्यानंतरच्या भटकंतीची ठिकाणे म्हणजे रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि चिमूरचा जंगलपट्टा. सातपुड्याच्या पायथ्यापासून चांद्याच्या अरण्यापर्यंत पसरलेला हा मुलूख त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच प्रांतात होता. येथे मराठी आणि हिंदी शेजारी नांदतात आणि बाजाराच्या दिवशी तर त्या एकमेकींत मिसळूनच जातात. महाराजांची भजने दोन्ही भाषांत आहेत याचे स्पष्टीकरण बहुतेक वेळा ‘राष्ट्रीय दृष्टी’ असे दिले जाते. ते खोटे नाही. पण त्याआधी हा त्यांच्या श्रोत्यांचा भूगोल होता. ज्या गावात जायचे त्या गावाच्या तोंडी असलेल्या भाषेत गायचे, हा फिरत्या गायकाचा साधा नियम त्यांनी पाळला. तीन हजारांहून अधिक भजने त्यांच्या नावावर सांगितली जातात. ‘अनुभवसागर भजनावली’, ‘राष्ट्रीय भजनावली’, ‘लहर की बरखा’ ही संग्रहांची नावेदेखील या दुभाषिक वृत्तीची साक्ष देतात.

वाद्य म्हणून त्यांनी खंजिरी निवडली. वीणा, मृदंग, टाळ असा सरंजाम वारकरी कीर्तनाला लागतो. त्यासाठी साथीदार हवेत आणि मृदंग जुळवणारा जाणता हवा. खंजिरी एका हातात मावते. लाकडी कड्यावर ताणलेले कातडे आणि कड्याच्या खाचांत बसवलेल्या पितळी चकत्या एवढाच तिचा संसार. थाप आणि झंकार एकाच वेळी देणारे, खांद्यावरच्या झोळीत टाकून मैलोन्मैल चालता येणारे हे वाद्य एकट्या माणसासाठीच जणू बनले आहे. वऱ्हाडात ती भिक्षेकऱ्यांच्या आणि गोसाव्यांच्या हातात दिसे. प्रतिष्ठित वाद्यांत तिची गणना नव्हती. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेत महाराज गेले ते हीच खंजिरी घेऊन आणि तिच्या नादावर त्यांनी तेथे भजन गायिले. या प्रसंगाचे वर्णन आपण अभिमानाने करतो, पण भिक्षेकऱ्याचे वाद्य परिषदेच्या व्यासपीठावर गेले, ही त्यातील सामाजिक बाजू बहुधा सुटून जाते.

१९३५ मध्ये सालबर्डी येथे मोठा यज्ञ झाला आणि त्याच वर्षी अमरावती-नागपूर रस्त्यावरील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पुढच्या वर्षी गांधीजींच्या निमंत्रणावरून महाराज सेवाग्रामला जाऊन राहिले. येथून भजनांचा आशय बदलत गेलेला दिसतो. आरंभीच्या रचनांत गुरुभक्ती, वैराग्य आणि अंतर्मुख तळमळ आहे. चौथ्या दशकाच्या उत्तरार्धापासून ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण, गावाची एकी हे विषय येतात आणि ‘राष्ट्रीय भजन’ हा शब्द रूढ होतो.

१९४२ मध्ये या भजनांची ताकद सरकारलाही कळली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टी येथे लोक रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, अधिकारी मारले गेले आणि पुढे भयंकर दडपशाही झाली. या दोन्ही गावांत महाराजांची भजने आधीपासून गायिली जात होती. २८ ऑगस्टला चांदा येथे त्यांना अटक करण्यात आली. नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले आणि डिसेंबरमध्ये सोडण्यात आले. त्यांच्याकडे शस्त्र नव्हते आणि पक्षाची संघटनाही नव्हती. छापील पत्रक जप्त करता येते. पाचशे माणसांना पाठ झालेले ध्रुपद कसे जप्त करायचे? म्हणून गाणाऱ्यालाच आत टाकावे लागले. साहित्याच्या परिणामकारकतेविषयी आपण वर्गात जे बोलतो, त्याचे याहून रोकडे उदाहरण वऱ्हाड-नागपूरकडे दुसरे नसावे.

स्वातंत्र्यानंतरचा काळ हा लेखनाचा आणि संस्थात्मक कार्याचा आहे. एकेचाळीस अध्यायांची ‘ग्रामगीता’ याच काळातली, आणि भारत साधू समाजाची उभारणीही. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांच्या वेळी महाराज सीमेवर जवानांपुढे गाण्यासाठी गेले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात त्यांचे निधन झाले.

‘सर, हे असं नाई म्हनत’

आता छापील पानाकडे वळू. महाराजांच्या भजनांचा कोणताही संग्रह उघडला तर पुष्कळ रचनांच्या डोक्यावर कंसात ‘तर्ज’ किंवा ‘चाल’ असा शब्द असतो आणि पुढे दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचे पहिले शब्द. ज्याला ते मूळ गाणे ठाऊक आहे त्याला एवढी खूण पुरते. वर्गात आम्ही ही ओळ वगळतो. ती कवितेचा भाग नाही असे आम्ही गृहीत धरलेले असते. वास्तविक पाहता त्या पानावरची संगीताची एकमेव नोंद तीच असते. मूळ गाणे विस्मरणात गेले की ती खूण आंधळी होते आणि खालचे शब्द मुके होतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी जी चाल प्रत्येक भजनी मंडळाला ठाऊक असे, ती आज सांगणारा माणूस शोधावा लागतो.

काही वर्षांपूर्वी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी महाराजांचे एक भजन शिकवीत होतो. आशय, अलंकार, मुद्रिका, संदेश असे मुद्दे फळ्यावर झाले होते. रचना सरळ असली तरी तीत पुनरुक्ती फार आहे आणि त्यामुळे काव्य म्हणून ती सैल वाटते, असे मी बोलून गेलो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि संकोचत म्हणाला, ‘सर, हे असं नाई म्हनत.’ कसे म्हणतात, असे विचारल्यावर त्याने बाकाच्या फळीवर बोटांनी ठेका धरला आणि गायला सुरुवात केली. पहिली ओळ त्याने एकट्याने म्हटली. तीच ओळ दुसऱ्यांदा आली तेव्हा वर्गातील आणखी चार आवाज त्यात होते. तिसऱ्यांदा निम्मा वर्ग होता. ज्या जागेला मी पुनरुक्ती म्हटले होते ती श्रोत्यांनी आत येण्याची जागा होती. कवीने तेथे दार उघडे ठेवले होते आणि मी पानावर वाचताना तेथे भिंत पाहिली होती.

त्या दिवसापासून महाराजांच्या रचना वाचताना मी काही गोष्टी वेगळ्या पाहू लागलो. ओळीच्या मध्यावर येणारा थांबा हा बहुतेक वेळा खंजिरीच्या थापेसाठी असतो. यमक ठळक आणि अपेक्षित असते, कारण पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला ओळ संपण्यापूर्वी शेवटचा शब्द ओळखता आला पाहिजे. तो ओळखता आला तरच तो सूर मिसळतो. शब्द रोजचे असतात. क्रियापदे आज्ञार्थी असतात, कारण समोर माणसे बसलेली आहेत. समीक्षेच्या रूढ मोजमापाने हे दोष ठरतात. पण पोवाडा, लावणी, भारूड यांना आपण ‘प्रयोगरूप वाङ्मय’ म्हणून वेगळी कसोटी लावतो. खंजिरी भजनाला ती कसोटी लावण्याचे कष्ट आम्ही वऱ्हाडातील प्राध्यापकांनीसुद्धा घेतले नाहीत. त्यातले त्यात ‘ग्रामगीता’ अभ्यासाला सोपी पडली, कारण ती ओवीबद्ध ग्रंथ आहे, तिला अध्याय आहेत, विषयवार मांडणी आहे. ग्रंथ सापडला आणि गायक निसटला, असे काहीसे झाले.

टेपवर उरलेला आवाज

मग आवाज कोठे शोधायचा? गाडगे बाबांपासून सुरुवात करावी लागेल. बाबांचा जन्म १८७६ मध्ये शेंडगावचा, बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथील आजोळी. म्हणजे अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांचा त्यांच्यावर सारखाच हक्क. निधन २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीवर. त्याच्या सहा आठवडे आधी, ८ नोव्हेंबर १९५६ रोजी, मुंबईत बांद्रा पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले आणि ते टेपवर उतरवले गेले. आयुष्यभर गावोगाव कीर्तन करणाऱ्या या माणसाचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळतो तो या शेवटच्या कीर्तनामुळे.

बाबा बोलतात ते प्रश्नांनी. श्रोत्यांना विचारतात, उत्तर येईपर्यंत थांबतात, उत्तर मिळाले की त्यालाच उलटा प्रश्न करतात. हशा पिकतो, आणि मग एकदम गोपाळाचा गजर. ज्यांनी १९७७ चा ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट पाहिला आहे त्यांच्या कानात श्रीराम लागूंचे बाबा आहेत. ते थोर नटाचे काम आहे. पण टेपवरच्या वृद्ध, थकलेल्या आवाजातले वऱ्हाडी हेल आणि लोकांच्या उत्तरांची वाट पाहणारी ती शांतता कोणत्याही अभिनयात येणार नाही. या कीर्तनाचे शब्द कागदावर वाचले तर उपदेश वाटतो. ऐकले तर संवाद.

तुकडोजी महाराजांच्या मूळ आवाजातील काही भजनेही आज ऐकता येतात. पूर्वी ती कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेली असत, आता यूट्यूबवर आहेत. खरखर आहे, काही ठिकाणी आवाज दबतो. तरी पहिल्या थापेलाच कळते की हा मैदानासाठी घडलेला गळा आहे. शब्दाचा उच्चार स्वच्छ. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ओळ कळली पाहिजे ही काळजी प्रत्येक अक्षरात. माझ्या विद्यार्थ्यांना ही भजने ऐकवल्यावर ‘ग्रामगीते’च्या ओव्यासुद्धा ते वेगळ्या लयीत वाचू लागले.

येथे एका दूरच्या गायकाची आठवण होते. अमेरिकेतील केंटकी राज्याच्या रोझीन नावाच्या खेड्यात १९११ मध्ये बिल मन्रो जन्मला, म्हणजे महाराजांहून दोन वर्षांनी धाकटा. मँडोलिन हे त्याचे वाद्य. डोंगराळ मुलखातील शेतकऱ्यांची गाणी, प्रार्थनागीते आणि स्वतःच्या रचना तो गाई. त्याच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यमेळावरून ‘ब्लूग्रास’ हे त्या साऱ्या गानप्रकाराचेच नाव पडले. दोघांच्या आयुष्यात तुलना करण्यासारखे फार नाही. एक संन्यस्त लोकशिक्षक आणि दुसरा व्यावसायिक गायक. पण एका बाबतीत मन्रोच्या अभ्यासकाचा हेवा वाटतो. मन्रोचे गाणे १९३६ पासून ध्वनिमुद्रित होत गेले आणि १९९६ मध्ये तो वारला. एवढ्या दीर्घ काळाचा आवाज क्रमाने ऐकता येतो. ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे त्याचे गीत १९४६ मध्ये संथ लयीत मुद्रित झाले. १९५४ मध्ये एल्विस प्रिस्ले या तरुणाने ते जलद लयीत गायिले. त्यानंतर त्याच वर्षी खुद्द मन्रोने ते पुन्हा मुद्रित करताना संथ सुरुवात करून पुढे लय वाढवली. एका गाण्याचे चरित्र असे तारखेनिशी सांगता येते. ज्या मामाच्या फिडलवर त्याचा कान तयार झाला त्या मामावरही त्याने गाणे रचले आणि तेही मुद्रित झाले.

महाराजांचे एखादे भजन १९३५ च्या सालबर्डीला कोणत्या लयीत होते, तुरुंगातून आल्यावर त्यात काय बदलले, सीमेवरच्या जवानांपुढे त्याचे काय झाले, असे प्रश्न आपण विचारतदेखील नाही. पान एकच आहे आणि ते सर्व काळांसाठी सारखेच आहे.

एकाच्या सात

आवाज टिकवण्याचा दुसरा मार्ग परंपरेचा. वऱ्हाडातील खेड्यांत गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना आजही होते. खंजिरी भजनांच्या स्पर्धा भरतात, त्यात महिला मंडळेही हिरिरीने उतरतात. अकोला जिल्ह्यातील सिरसोलीच्या सत्यपाल महाराजांनी तर एका खंजिरीच्या सात केल्या. पुढ्यात मांडलेल्या सात खंजिऱ्यांवर दोन्ही हात फिरवीत, वऱ्हाडी बोलीत अंधश्रद्धेची टर उडवीत त्यांनी केलेले प्रबोधन महाराष्ट्राने ऐकले आहे. आमच्या कॉलेजच्या दिवसांत गावच्या लग्नमांडवात त्यांची कॅसेट लागली की वाढपीसुद्धा थांबत. त्यांच्या कार्यक्रमात तुकडोजींची भजनपद्धती आणि गाडगे बाबांचे प्रश्नोत्तर या दोन्हींचा संगम झालेला आहे.

अशी परंपरा जिवंत असल्यावर जुन्या टेपची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. पण जिवंत परंपरा ही बदलणारी असते आणि तसेच असावे. आजच्या मंडळांच्या गाण्यात हार्मोनियम आला, ऑक्टोपॅड आला, चित्रपटगीतांच्या नव्या चाली आल्या. महाराजांनीही आपल्या काळातल्या चाली घेतल्याच होत्या, तेव्हा तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र काय बदलले हे समजण्यासाठी आधी काय होते ते ठाऊक हवे. परंपरा गाणे पुढे नेते. मागचे जपून ठेवण्याचे काम अभ्यासकांचे आहे आणि ते आम्ही केलेले नाही.

म्हाइंभटांचा धडा

हे काम करण्याचा वस्तुपाठ आमच्याच जिल्ह्यात आहे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे तीर्थ. सर्वज्ञ चक्रधर निघून गेल्यावर त्यांचा शब्द हरपू नये म्हणून तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी जमवल्या. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नव्हता. ते बोलले होते. ज्यांनी ते बोलणे ऐकले त्यांच्याकडे म्हाइंभट गेले, एकेक प्रसंग विचारून घेतला, नागदेवाचार्यांकडून तो पडताळला. त्यातून मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाला. मराठी गद्याचा आरंभच असा ऐकलेल्याच्या नोंदीतून झाला आहे. म्हाइंभटांपाशी स्मरणाखेरीज साधन नव्हते. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे.

आता रिद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. तेथे वऱ्हाडच्या आवाजांचे एक दालन असावे, असे मनापासून वाटते. भजनाची जुनी चाल सांगणारे वृद्ध, महाराजांच्या मागे बसून साथ केलेले कोणी, कपाटातल्या कॅसेटी, त्या त्या गावच्या मंडळांची गाणी हे सारे तारीख-गावासह तेथे यावे. ‘तर्ज’ या एका शब्दाखालील मूळ चाली शोधून काढणे हाच एखाद्या प्रबंधाचा विषय होऊ शकेल. पण विद्यापीठाची वाट पाहण्याचेही कारण नाही. एखाद्या वर्गाने एका उन्हाळ्याच्या सुटीत आपापल्या आजी-आजोबांना विचारले, तरी पुष्कळ हाती लागेल.

हे मी सांगतो आहे, पण मला स्वतःला ते जमले नाही. माझ्या वडिलांनी शाळकरी वयात दर्यापूरकडच्या एका खेड्यात महाराजांचे भजन ऐकले होते. बैलगाडीतून रात्री परत येताना सगळी गाडी गात होती, असे ते सांगत. कोणते भजन, कोणती चाल, हे मी कधी विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी गाऊनच दाखवले असते. ‘तो आवाज कानात हाये, पन सांगता नाई येत,’ एवढेच त्यांचे वाक्य माझ्यापाशी आहे. गेल्या वर्षी ते गेले. हाताशी रेकॉर्डर असून मी तुकडोजींवरचे टिपण पुस्तकावरून काढीत राहिलो.

गुरुकुंजात दरवर्षी पुण्यतिथीला दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते. लाखोंचा समुदाय उभा असतो, आणि ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना गायला लावले त्याच्यासाठी ती सारी माणसे गप्प होतात. मी त्या गर्दीत अनेकदा उभा राहिलो आहे. मौन संपल्यावर कुठेतरी पहिली थाप पडते आणि आजूबाजूचे वृद्ध डोळे मिटून गुणगुणू लागतात. यंदा त्यांच्यापैकी एकाशेजारी बसून, परवानगी घेऊन, फोनचे बटण दाबायचे मी ठरवले आहे.